विश्लेषण : हातात पिस्तूल, पण भर लपण्यावर! मुंबईत घडणारा ‘हिटमॅन २’ कसा खेळतात?

विचुंब्याहून पनवेल स्थानक आणि तिथून हार्बर लोकल, हा अनेकांचा मुंबईला जाण्याचा रोजचा मार्ग. याच मुंबईत जगभरातील गेमर २०१८ पासून एक गुप्त मोहीम पार पाडत आहेत. ‘हिटमॅन २’मधील नायकाच्या हाती पिस्तूल असते, पण अंदाधुंद गोळीबार केला की गुण घसरतात. मग हा ‘शूटिंग गेम’ आहे की आणखी काही? आणि तो मुलांच्या हाती द्यावा का?

‘थर्ड पर्सन’ म्हणजे काय?

काही गेममध्ये पडद्यावर फक्त बंदूक आणि हात दिसतात. त्याला ‘फर्स्ट पर्सन’ म्हणतात. ‘थर्ड पर्सन’मध्ये नायक पाठीमागून पूर्ण दिसतो. लपणे, वेश बदलणे हा गेमचा गाभा असेल, तर हीच पद्धत सोयीची ठरते. ‘हिटमॅन’ ही डेन्मार्कच्या ‘आयओ इंटरॅक्टिव्ह’ कंपनीची मालिका २००० साली सुरू झाली. ‘एजंट ४७’ हा भाडोत्री मारेकरी तिचा नायक.

मुंबईत काय करायचे?

लक्ष्ये तीन. बांधकाम व्यावसायिक व चित्रपट निर्माता दाऊद रंगन, टोळीची म्होरकी वन्या शाह आणि वझीर काळे. यातील काळेचा चेहरा कुणालाच ठाऊक नसतो, त्यामुळे आधी त्याला शोधावे लागते. न्हाव्याच्या वेशात त्याची दाढी करायला उभे राहणे हा एक मार्ग. त्याच कामावर आलेल्या दुसऱ्या मारेकऱ्याचा वापर करून घेणे हा दुसरा.

गोळी झाडली तर?

आवाजाने पहारेकरी धावून येतात आणि वेशांतर वाया जाते. निरपराध माणूस मारला तर गुण कापले जातात. लक्ष्याखेरीज कुणालाही न मारता, कुणाच्या नजरेत किंवा कॅमेऱ्यात न येता बाहेर पडणाऱ्याला ‘सायलेंट असॅसिन’ हा सर्वोच्च दर्जा मिळतो.

दरोडाही आहे?

होय. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका काल्पनिक बँकेची मोहीम जोडली गेली. बँकेच्या प्रमुखाला संपवायचे आणि गोपनीय डेटा पळवायचा. तिथेही दार फोडण्याआधी कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याच्या वेळा टिपणारा खेळाडू सरस ठरतो.

ही मुंबई खरी वाटते का?

गर्दी, दाट वस्ती, रेल्वे यार्ड ओळखीचे वाटतात. मात्र झोपडपट्टी, टोळ्या आणि बॉलीवूड यापलीकडची, रोज लोकलने कामावर जाणाऱ्यांची मुंबई इथे फारशी भेटत नाही.

मोबाइलवर मिळतो का? पालकांनी काय पाहावे?

याच मालिकेतील २००६ चा ‘ब्लड मनी’ हा गेम ‘रिप्रायझल’ या नावाने २०२३ मध्ये अँड्रॉइड व आयफोनवर आला. ‘हिटमॅन २’ला युरोपात १८, तर अमेरिकेत १७ वर्षांवरील वयाचे मानांकन आहे. संयम आणि निरीक्षण यांना गुण मिळत असले, तरी विषय हत्येचाच आहे. गोळीबार कमी म्हणून तो लहान मुलांचा खेळ ठरत नाही. गेम डाउनलोड करण्यापूर्वी प्ले स्टोअरवरील वयाचे मानांकन पाहावे. त्याच अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘पॅरेंटल कंट्रोल्स’ सुरू करून वयानुसार मर्यादा घालता येते.