व्हाइटनरखालचं उत्तर

सरकारी नोकरीत निवड झालेल्या पोराची फाईल चारित्र्य पडताळणीला पोलीस ठाण्यात येते, ती गोपनीय अंमलदाराच्या टेबलावर. त्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. आईबापांना वाटतं, आम्ही पोराचे गुन्हे उकरत बसतो. गुन्हा सापडायला वेळ लागत नाही. पूर्वी रजिस्टरं चाळायचो, आता पोलिसांच्या सीसीटीएनएस या संगणक प्रणालीवर नाव टाकतात. खरं बघायचं असतं ते हे, की साक्षांकन नमुन्यात पोराने स्वतःच्या हाताने काय लिहिलंय आणि आमच्या दप्तराशी ते जुळतं का. माहिती खोटी दिली किंवा दडवली तर अपात्र ठराल, हे त्या नमुन्यावर सुरुवातीलाच छापलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

केंद्रीय राखीव पोलीस दलात निवड झालेल्या एका पोराचा नमुना आला. अटक झाली होती का, या प्रश्नापुढे ‘नो’, पण व्हाइटनरच्या पापुद्र्यावर. कागद खिडकीकडे धरून मागून पाहिला, तर खालचं ‘यस’ स्पष्ट दिसलं. दप्तरात गावच्या जत्रेतली मारामारी निघाली. आरोपींच्या यादीत हा शेवटून दुसरा, कॉलेजात असतानाचा. पुढे तडजोड होऊन सगळे सुटलेले. पोलीस पाटील म्हणाले, “पोरगं सरळ आहे हो, लिहा तसं.” पोराला बोलावून विचारलं, “आधी खरं लिहिलं होतंस ना?” तो म्हणाला, “हो साहेब. अकॅडमीतले सर म्हणाले, निर्दोष सुटलास म्हणजे केसच नाही. खोड ते.”

माझ्या हातात अहवाल होता, निर्णय नव्हता. गुन्हा क्रमांक, कलमं, निकाल, पोलीस पाटलांचं म्हणणं, सगळं जसंच्या तसं लिहिलं. नेमणूक रद्द झाली आणि पत्रात कारण आलं ते माहिती दडवल्याचं. त्या सरांचा मला आजही राग येतो. पोराची मूळची बुद्धी शाबूत होती, ती त्यांनी खोडली.

गुन्ह्यापेक्षा तो दडवणं महाग पडतं, हे कोर्टातही दिसतं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे केंद्रीय विद्यालयाच्या एका शारीरिक शिक्षण शिक्षकाचं प्रकरण आलं. त्याच्यावरचा खटला सरकारने नंतर मागे घेतला होता; शिवाय नमुना इंग्रजीत, आपण हिंदी माध्यमाचे, असं त्याचं म्हणणं. बी.एड., एम.एड. झालेल्या माणसाचं हे म्हणणं कोर्टाने मानलं नाही. उलट २०११ साली दिल्ली पोलिसांच्या एका उमेदवाराला कोर्टाने सांभाळून घेतलं. त्याने अर्जात माहिती दडवली होती, पण साक्षांकन नमुन्यात स्वतःहून सांगितली. २०१६ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम घालून दिले: तरुणपणी घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब दडवली असेल तर नियोक्ता ती माफ करू शकतो. मात्र खरं सांगितलं म्हणून नोकरी द्यायलाच हवी, असंही नाही. प्रकरण किती गंभीर आणि पद कोणतं, हे तो तपासणारच.

म्हणून पोरांनो, गुन्हा असेल तर निकालाची प्रमाणित प्रत आधी कोर्टातून काढा. अर्जात एक आणि साक्षांकन नमुन्यात दुसरं, असं लिहू नका. रकान्यात जागा पुरली नाही तर वेगळा कागद जोडून त्यावर ठाणं, गुन्हा क्रमांक, कलम आणि निकालाची तारीख लिहा. चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्यासाठीची प्रतिबंधक कारवाई, झाली असेल तर तीही लिहा.