नावावाचून कथा

अनोळखी लेखकाचा कथासंग्रह हाती आला की आपण प्रथम नाव पाहतो आणि बहुधा तेथेच थांबतो. या सवयीची परीक्षा १९७४ साली एकदा झाली. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा-स्पर्धेत कुणा नारायण विनायक जगताप यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. हस्ताक्षरही ओळखू येऊ नये म्हणून प्रत पत्नीकडून लिहवून घेतली होती. परीक्षकांपुढे केवळ कथा होती. हेच नारळीकर २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

परंतु ज्याच्या टोपणनावामागे मोठे नाव दडलेलेच नाही, त्याचे काय? पदरमोड करून छापलेले असे संग्रह आमच्याकडे वासण्यास टपालाने येतात. त्यांतील पहिली कथा आम्ही मागे ठेवतो. ती लेखकाने मुद्दाम पुढे मांडलेली असते. मधली वाचतो, आणि तिच्यातील अद्‌भुत कल्पना काढून घेतली तर कथा कोसळते की नाही, एवढेच पाहतो. न कोसळल्यास ती कल्पना नुसता दागिना समजावी. अशीच एक कोसळणारी कथा आम्ही दहावीच्या वर्गास लेखकाचे नाव न सांगता वाचून दाखविली. मुलांनी ते विचारले, पण तास संपल्यावर.