वाफेवरची कॉफी, पटरीवरचा बॉयलर

"दिल्लीच्या न्याहारीवर लिही, पण छोले-भटुरे आणि बेडमी-आलू नकोत," असं संपादकांनी बजावलं होतं. म्हणून पहाडगंजात शिरल्यावर कढयांकडे पाठ फिरवली आणि नवी दिल्ली स्थानकाकडे निघणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी, टोस्ट-कॉफीच्या रेहडीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, जाऊन उभा राहिलो. हा भाग मराठी माणसाला परका नाही. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन इथलेच. सकाळी सातला रेहडीभोवती हमाल, रात्रपाळी उरकलेली हॉटेलांतली पोरं आणि गाडीची वेळ चुकवायची नाही म्हणून उभ्याउभ्या खाणारे प्रवासी असे सगळे खांद्याला खांदा लावून असतात.

दिल्लीच्या कॉफीचा लिखित इतिहास मात्र या गल्लीत येत नाही. १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं. पुढे कॉफी बोर्डाने ही दुकानं गुंडाळायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था उभ्या केल्या. दिल्लीची संस्था १९५७ची. तिचं कॅनॉट प्लेसमधलं गजबजलेलं कॉफी हाउस आणीबाणीत पाडलं गेलं आणि मंडळी मोहनसिंग प्लेसला गेली. ती बसून वाद घालण्याची कॉफी. रेहडीवरची कॉफी आली लग्नाच्या मांडवातून, आणि तिला आणलं एका यंत्राने.

हे यंत्र म्हणजे उभा, घुमटाकार माथ्याचा बॉयलर. खाली गॅसची शेगडी, वर दाबमापक आणि सेफ्टी व्हॉल्व्ह, बाजूला वाफेची नळी. १९०१ साली मिलानच्या लुईजी बेझेराने ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याच्या घराण्यातलंच हे दिसतं. बेझेराच्या यंत्रात वाफेचा दाब गरम पाण्याला दळलेल्या कॉफीतून ढकलायचा. आपल्याकडच्या यंत्रात दळलेली कॉफी ठेवायला जागाच नाही. जगमध्ये दूध, साखर आणि इन्स्टंट कॉफीची पूड पडते, वाफेची नळी त्यात बुडते आणि वरून चॉकलेट पावडर भुरभुरते. मूळ यंत्राचा मुख्य अवयव गळाला आणि दूध तापवायची बाजूची नळी तेवढी तगली. इटालियन माणूस हिला कॉफी म्हणणार नाही. तो थंडीत पहाडगंजला आलेला नसतो.

कॉफीवाले भाईसाहब पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. त्यांचे हात पाहण्यात माझ्या दोन कॉफ्या निवल्या. आधी ते नळीचं तोंड दुधाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवतात. चर्र आवाज होतो, वाफ आपल्याबरोबर हवा ओढते आणि दुधातली प्रथिनं त्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. झाग, म्हणजे फेस, पुरेसा चढला की नळी खोल जाते, चर्र थांबून घरघर सुरू होते. आता फक्त तापवायचं. डावा तळवा जगच्या बुडाशी असतो. चटका असह्य झाला की तोटी बंद. थर्मामीटर नाही. त्याहून पुढे गेलं तर दुधाला शिजका वास येतो आणि झाग बसतो.

"कान से बनती है," ते म्हणाले.

खरंच कानाने बनते. आणि पटकन बनते, कारण एक ग्रॅम वाफ पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडते. दीडशे मिलिलिटर थंड दूध प्यायच्या तापमानाला आणायला पंधरा-सोळा ग्रॅम वाफ पुरते. म्हणजे प्रत्येक कपात मोठा चमचाभर पाणी आपोआप मिसळतं. म्हणून भाईसाहब दूध घट्टच घेतात. शेजारी पुतण्या तव्यावर पाव दाबतो, लोणी फासतो, मिरपूड टाकतो. पूर्वी टोस्ट अंगीठीच्या कोळशावर व्हायचा. आता राजधानी परिसरात हवा बिघडली की उघड्या खाणावळींतल्या तंदूरचा कोळसा-लाकूड बंद ठेवण्याचा आदेश निघतो. त्या वासाची हळहळ गिऱ्हाइकांना आहे, भाईसाहबांना नाही; त्यांची छाती भरून यायची.

त्यांची धास्ती वेगळी आहे. कमेटीची, म्हणजे महापालिकेची गाडी आली की चहावाला किटली उचलून चालू लागतो. बॉयलर उचलता येत नाही. आत उकळतं पाणी आणि दाबाखालची वाफ. आधी गॅस बंद, मग वाफ सोडायची, मग निवायची वाट पाहायची. तेवढा वेळ गाडी देत नाही.

कायदा त्यांच्या बाजूचा आहे. २०१४चा पथविक्रेता कायदा सांगतो की दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा, प्रमाणपत्रं द्या आणि ते होईपर्यंत कुणालाही उठवू नका. उठवायचंच तर तीस दिवसांची नोटीस द्या. कागदावर इतकं असताना, १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली त्या मध्यरात्रीनंतर, याच स्थानकाजवळच्या पादचारी पुलाखालच्या एका विक्रेत्यावर रस्ता अडवल्याबद्दल कलम २८५ खाली गुन्हा नोंदला गेला. पुढे पोलिसांनीच तो रद्द केल्याचं गृहमंत्र्यांनी सांगितलं. बातमी विरली, पण पटरीवर ती अजून सांगितली जाते.

भाईसाहबांकडे सर्वेक्षणाची पावती आहे, प्रमाणपत्र नाही. जागेचा भरवसा नाही म्हणून ते नवं यंत्र घेत नाहीत. जुन्याचा व्हॉल्व्ह गळतो, वॉशर वरचेवर बदलावा लागतो, आणि त्याची तपासणी करायला कुणीही येत नाही. पंचवीस लिटरपेक्षा लहान बॉयलर बॉयलर कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. चार पावलांवर माणसं पाव खात उभी असताना मला त्या दाबमापकाच्या काट्याकडे पुन्हा पुन्हा पाहावं लागलं. प्रमाणपत्राचा प्रश्न रोजगाराचा म्हणून मांडला जातो, तसा तो आहेच. पण ज्याला उद्या इथेच उभं राहायची खात्री असेल, तो आज नवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवील. गिऱ्हाइकाच्या सुरक्षिततेचा सगळ्यात स्वस्त उपाय महापालिकेच्या टेबलावर सही न होता पडून आहे.