भोगवर्धनची माती आणि आपले चित्र

बुद्धप्रतिमा म्हणजे बाजारातून आणलेली छापील तसबीर, हे समीकरण आपल्या विहारांतून रूढ झाले आहे. तसबीर वाईट नव्हे. पण प्रतिमा आपल्या हातांनीही घडू शकते, ही जाणीव त्यामुळे बोथट होते. जालना जिल्ह्याला तरी हे शोभत नाही. केळणाकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी तेथे उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वसाहत उजेडात आली. तेथील हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे पॉम्पेईतल्या प्रतिमेशी असलेले साम्य पुष्कळ चर्चिले गेले. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की, सांची व भारहूतच्या स्तूपांवरील दानलेखांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नोंद आहे.

त्या स्तूपांवरील शिल्पांत बुद्धाचा चेहरा नाही. पिंपळ, चक्र, पावले, रिकामे आसन एवढ्यावर शिल्पकारांनी बुद्ध उभा केला. मिश्रमाध्यमातले चित्र करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथून सुरुवात करावी. चेहरा हुबेहूब काढता येत नाही म्हणून मागे सरणाऱ्यांची अडचणही त्यामुळे आपोआप सुटते.

मिश्रमाध्यम हा शब्द नवा, रीत जुनी. अजिंठ्याच्या भिंतींवर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आहे, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग काव, पिवळी माती, काजळी असे रंग. आपणही तेच करावे. जाड प्लायवुडवर गोणपाट सरसाने चिकटवावे व पुरते वाळू द्यावे. आपल्याकडची काळी माती एकटी वापरू नये. ती ओलाव्याने फुगते, वाळताना आक्रसते आणि भेगाळते. तीत वाळू, तूस व बारीक चिरलेला कडबा मिसळून पातळ थर द्यावेत, एक वाळल्यावर दुसरा.

शेवटचा थर ओला असतानाच पावले उमटवावीत. ती कोणाची? ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची, भंगार वेचणाऱ्याची. पायांच्या भेगा दिसू द्याव्यात. चक्रासाठी बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव किंवा जालन्याच्या पोलाद कारखान्यांकडे जाणारे भंगार चालेल. आरे आठ, अष्टांगिक मार्गाचे. लोखंडाचा भार माती पेलत नाही. फळीला भोके पाडून ते तारेने मागून आवळावे. गंज उतरेल, उतरू द्यावा.

पिंपळपाने दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवून हलक्या ब्रशने घासली की शिरांची जाळी उरते. ती सरसाने लावावी. त्यांच्याखाली आसन, म्हणजे फक्त मोकळी जागा. येथे काही कार्यकर्ते थबकतात. रिकामी जागा लोकांना कळेल काय, असे विचारतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांना गावच्या पारावर बसू दिले गेले नाही, त्यांना पिंपळाखालच्या रिकाम्या आसनाचा अर्थ कोणी शिकवायला नको. तेथे तसबीर चिकटवण्याचा मोह टाळावा.

तळाशी एक पट्टी राखून, गोणपाट कोणी दिले, लोखंड कोणी, पावले कोणाची, ती नावे कोरावीत. सांचीच्या दानलेखांत नाव, गाव आणि 'दान' एवढेच पुष्कळदा असते, तेवढे पुरे. कोरायला साधा खिळा घ्यावा, आणि माती अर्धी ओली असतानाच कोरावे. वाळल्यावर अक्षरांच्या कडा तुटतात.