श्रीनगरहून गुलमर्ग : स्कीइंगचा एक दिवस

सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या माणसाला डोंगर म्हटला कीं पाऊस, धुकें आणि निसरडी वाट आठवते. बर्फाचा डोंगर त्याच्या लेखीं चित्रांतला. तरी हिवाळ्यांत श्रीनगरला उतरणाऱ्या महाराष्ट्रीय प्रवाशांची संख्या आतां लहान राहिलेली नाहीं, आणि त्यांतील पुष्कळांच्या मनांत एकच बेत घोळत असतो : एके दिवशीं सकाळीं उठून गुलमर्गला जावें, पायांना स्की बांधून बर्फावरून घसरावें आणि रात्रीच्या जेवणाला दाल सरोवराच्या कांठीं परत यावें. बेत चांगला आहे, आणि पार पडण्यासारखाही आहे. मात्र त्याला वेळेचा हिशेब लागतो, आणि हा हिशेब सूर्योदयापासून पुढें न मांडतां सूर्यास्तापासून मागें मांडावा लागतो. जे तो उलट मांडतात त्यांचा दिवस बहुधा टंगमर्गच्या घाटांत, अंधारांत, गाडीला धक्के मारण्यांत संपतो.

प्रथम उंचीची कल्पना स्पष्ट असावी. श्रीनगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ५,२०० फुटांवर वसलें आहे. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हें ५,४०० फुटांचें. म्हणजे श्रीनगरचा बाजार जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याच्या पातळीवर भरतो. तेथून गुलमर्गचें कुरण रस्त्यानें तीस-बत्तीस मैलांवर, परंतु साडेतीन हजार फूट अधिक उंच आहे. कुरणाच्या डोक्यावर अफरवटचा डोंगर उभा आहे. त्याच्यावर तारेवरून पाळणे चालतात. त्या मार्गाला तेथें गोंडोला म्हणतात. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्यें सुरू झाला व तो प्रवाशाला कोंगडोरी येथें दहा हजार फुटांवर नेतो. २००५ मध्यें सुरू झालेला दुसरा टप्पा त्याला अफरवटच्या खांद्यावर, सुमारें तेरा हजार फुटांवर, सोडतो. सकाळीं पांच हजार फुटांवर चहा घेतलेला माणूस अशा रीतीनें दोनप्रहरच्या आंत तेरा हजार फुटांवर जाऊन उभा राहूं शकतो. तेथें हवेचा दाब समुद्रकांठच्या दाबाच्या तीन-पंचमांशांइतकाच असतो. आदल्या दिवशीं मुंबई सोडलेल्या माणसाचें डोकें तेथें ठणकूं लागलें तर त्यांत नवल कसलें? श्रीनगरांत दोन रात्री काढून मग वर जाणें शहाणपणाचें.

आतां बर्फाविषयीं. महाराष्ट्राचा पाऊस नैर्ऋत्येकडून समुद्रावरून येतो; काश्मीरचें हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येतें. भूमध्य समुद्राच्या बाजूस उत्पन्न होणारे वाऱ्यांचे भोंवरे, ज्यांना हवामानशास्त्रांत पश्चिमी विक्षोभ म्हणतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाच्या पायथ्याशीं येतात. डोंगर आडवा आला कीं ओली हवा वर चढते, निवते आणि आपलें ओझें टाकून देते. महाबळेश्वरीं पाऊस पाडणारा न्याय तो हाच. थंडी तीव्र असल्यामुळें पावसाच्या जागीं बर्फ पडतें, इतकेंच. एक विक्षोभ येऊन गेला कीं कांहीं दिवस आकाश निरभ्र राहतें, मग दुसरा येतो. दिवस निवडण्याचें सारें मर्म या लयींत आहे.

काश्मिरी पंचांगांत थंडीच्या कडाक्याला नांवें आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचें ‘चिल्लई कलान’, त्यापुढें वीस दिवसांचें ‘चिल्लई खुर्द’, आणि शेवटीं दहा दिवसांचें ‘चिल्लई बच्चा’. स्कीइंगला जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा काळ सामान्यतः सर्वांत भरंवशाचा. परंतु ‘सामान्यतः’ या शब्दावर अलीकडे पूर्वीइतका भार टाकतां येत नाहीं. जानेवारी २०२४ चा बराच भाग गुलमर्गचें कुरण तपकिरी आणि कोरडें पडून होतें. महिन्याच्या अखेरीस बर्फ आलें. फेब्रुवारी २०२५ मध्यें ठरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावीं पुढें ढकलाव्या लागल्या आणि त्या मार्चमध्यें झाल्या. म्हणून ज्यानें पुण्याहून निघतांनाच ‘अमुक तारखेला गुलमर्ग’ असें ठरवून ठेवलें, त्यानें आपल्या हातांनीं आपली संधि कमी केली. श्रीनगरांत तीन-चार दिवस मोकळे ठेवावे, हवामान खात्याचा अंदाज रोज पाहावा, आणि दिवस तेथें गेल्यावर ठरवावा.

कोणता दिवस चांगला? बर्फ पडत असतां जाण्यांत अर्थ नाहीं. समोरचा माणूस दिसत नाहीं, वाऱ्यामुळें पाळणे बंद असतात, रस्ताही अडतो. बर्फ थांबून आकाश उघडलें, कीं पहिल्या सकाळीं सारें कुरण नव्या कापसासारखें मऊ झालेलें असतें. स्कीवाल्यांची झुंबड उडते ती याच सकाळीं, आणि कुरणापुरतें बोलावयाचें तर ती योग्यही आहे. वरच्या उतारांची गोष्ट निराळी. तेथें हीच सकाळ सर्वांत घातकी असते.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. जुनें बर्फ उन्हानें व थंडीनें आळीपाळीनें कठीण झालेलें असतें. त्यावर हात-दोन हात नवा थर पडला, आणि वाऱ्यानें आणखी बर्फ उडवून कड्याच्या आडोशाच्या बाजूस लोटलें, कीं या नव्या थराचा जुन्याशीं सांधा कांहीं काळ कच्चा राहतो. उतार तीस अंशांहून उभा असेल तर एका माणसाच्या वजनानेंही तो सांधा तुटतो आणि सबंध पत्रा खालीं सुटतो. यालाच हिमस्खलन म्हणतात. बर्फ आपोआप अंगावर येतें अशी कल्पना सर्वसाधारण असते. वस्तुतः हौसेनें गेलेले जे लोक त्यांत सांपडतात, त्यांतील बहुतेकांच्या बाबतींत तो पत्रा त्यांनीं किंवा त्यांच्या सोबत्यांनींच सैल केलेला असतो. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढला तर वांचण्याची आशा पुष्कळ. त्यापुढें ती झपाट्यानें ओसरते. श्रीनगरहून मदत मागविण्याइतका वेळ त्यांत नसतो, हें उघड आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजीं गुलमर्गच्या वर खिलनमर्गच्या बाजूस सैन्याच्या शिक्षण-पथकांतील सतरा जवान हिमस्खलनांत मृत्यु पावले. फेब्रुवारी २०२३ मध्यें अफरवटच्या उतारावर पोलंडचे दोन स्कीपटु गेले. फेब्रुवारी २०२४ मध्यें एक रशियन गेला. हे लोक नवशिके नव्हते.

गुलमर्गला बर्फाची पाहणी करणारें गस्त-पथक आहे. दुसरा टप्पा केव्हां उघडावयाचा तें त्याच्या पाहणीनंतर ठरतें, आणि पाळण्याच्या आसपासचा ठराविक उतारच तें राखतें. राखलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकावयाचें तर अंगावर संदेश-यंत्र, पाठीवर फावडें व शोधकाठी, आणि बरोबर तेथील वाटाड्या हवा. शिवाय हीं साधनें सोबत्यालाही वापरतां आलीं पाहिजेत, कारण उकरणारा तोच असतो. एका दिवसासाठीं आलेल्या प्रवाशाजवळ यांतलें बहुधा कांहींच नसतें. त्यानें हद्दीच्या आंत राहावें. गाडींतून उतरतांच ‘वरपर्यंत नेतो’ म्हणून आग्रह करणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा आग्रह हें उताराच्या सुरक्षिततेचें प्रमाणपत्र नव्हे.

आतां हिशेब. जानेवारीच्या मध्यास श्रीनगरला सूर्योदय साडेसातच्या पुढें होतो आणि सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. गुलमर्ग ते टंगमर्ग हा आठ मैलांचा घाट. दिवसां उन्हानें वितळलेलें पाणी सावली पडतांच तेथें गोठूं लागतें आणि रस्त्यावर कांचेसारखा थर धरतो. म्हणून हा घाट उजेडींच उतरला पाहिजे. तेव्हां चार वाजतां गुलमर्ग सोडावें. त्याआधीं बूट व स्की परत करणें, भाडें चुकतें करणें, गाडी शोधणें यांत पाऊण तास सहज जातो. म्हणजे तीनच्या सुमारास शेवटची घसरण संपली पाहिजे. दुसऱ्या टोकाकडून पाहतां, श्रीनगरहून सातला, अर्धवट अंधारांत निघालेली गाडी नारबळ, मागाम करीत साडेआठपर्यंत टंगमर्गला पोंचते. ताजें बर्फ असेल तर साधी गाडी तेथेंच थांबते. चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात किंवा चारही चाकें फिरणारी स्थानिक गाडी करावी लागते. वर पोंचेपर्यंत पावणेदहा, आणि बूट बेतून पायांत चढेपर्यंत अकरा. अकरा ते तीन असे चार तास हातीं राहिले, त्यांतला एक जेवणाचा. इतक्यासाठीं एवढी यातायात कशाला, असें कागदावर वाटतें. परंतु नवशिक्याच्या मांड्या तीन तासांपेक्षां अधिक टिकतच नाहींत. पाळण्यानें वर जावयाचें असेल तर तिकिटें आगाऊ काढलेलीं असावींत, नाहींतर यांतूनही तास-दीड तास जातो.

निघण्यापूर्वीं पोटभर खाणें आवश्यक आहे. हिवाळ्यांत श्रीनगरच्या जुन्या शहरांत पहाटेपासून हरीसा मिळतो : रात्रभर मंद आंचेवर शिजवून घोटलेलें मटण. शाकाहारी माणसानें कांदुराच्या भट्टींतली ताजी रोटी आणि गुलाबी, खारट नून चहा घ्यावा. हा चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो. तिसऱ्यापासून त्याची उणीव भासूं लागते.

कपड्यांत सूत टाळावें. सुती बनियन घामानें भिजतें, वाळत नाहीं, आणि थांबतांच अंग गारठतें. आंत लोकरीचें, बाहेर वारा व पाणी अडविणारें वस्त्र असावें. चष्मा विसरूं नये. ताजें बर्फ उन्हांतील जांभळ्यापलीकडील किरणांचा चार-पंचमांश भाग परत फेंकतें, त्यामुळें उघड्या डोळ्यांची संध्याकाळपर्यंत आग होते व पुढें एक-दोन दिवस उजेड सोसत नाहीं. हनुवटीच्या खालून भाजलेलीं माणसें गुलमर्गलाच पाहावयास मिळतात.

स्की व बूट गुलमर्गला भाड्यानें मिळतात. या दोहोंत स्कीपेक्षां बुटांकडे दहापट लक्ष द्यावें. मोजा एकच, पातळ व लांब. उभें राहिल्यावर बोटें पुढें किंचित् टेंकावीं, गुडघे वांकविले कीं तीं सुटावीं, आणि टांच मुळींच उचलूं नये. तसें नसेल तर संकोच न धरतां दुसरा जोड मागावा. बूट स्कीला जखडणारा खटका माणूस पडला कीं आपोआप सुटतो, म्हणून तो ज्याच्या त्याच्या वजनावर बेतावा लागतो. दुकानदार वजन विचारतो तेव्हां खरें सांगावें. येथील चोरी गुडघ्याला भोंवते. डोक्याला शिरस्त्राणही घ्यावें.

प्रथमच येणाऱ्यानें गोंडोलाच्या रांगेत उभें राहूं नये. कुरणाचा सौम्य उतार, जो उन्हाळ्यांत गोल्फचें मैदान असतो, तोच त्याची शाळा. १९२७ मध्यें येथें स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला तेव्हां पाळणा नव्हता, आणि त्या काळचे लोक चढण पायांनींच चढत असत. भाव ठरवून एक शिक्षक घ्यावा. तो पहिल्यानें पडावयास शिकवितो, मग उठावयास, आणि मग थांबावयास : दोन्ही स्कीचीं टोकें एकमेकींकडे आणून टांचा फांकवावयाच्या, म्हणजे नांगराच्या फाळासारखा आकार होतो व वेग मोडतो. वजन पुढें, नडग्यांवर ठेवावें. भीतीनें माणूस मागें रेलतो, आणि मागें रेलला कीं स्की हातच्या जातात. तीन तासांत एवढें साधलें आणि डावीकडे-उजवीकडे वळतां आलें तर दिवस उत्तम गेला असें समजावें. ज्यांना हें खरोखर शिकावयाचें आहे त्यांच्यासाठीं गुलमर्गलाच सरकारी संस्थेचे पुरे वर्ग चालतात. त्याला एक दिवस पुरत नाहीं.

तीनच्या सुमारास ‘आणखी एकदांच’ असें प्रत्येकाला वाटतें. पाय तोंवर दमलेले असतात, उतारावर सावली आलेली असते, आणि सकाळचें मऊ बर्फ टणक होऊं लागलेलें असतें. गुडघे मुरगळण्याला याहून सोयीची वेळ नाहीं. तेव्हां स्की सोडून जड बूट काढावे आणि चारच्या आंत गाडींत बसावें. उतरतांना टंगमर्गला साखळ्या निघतात. खालीं खोऱ्यांत पुष्कळदां धुक्याचा थर बसलेला असतो, कारण थंड हवा जड होऊन तळाशीं साचते. वर लख्ख ऊन पाहिलेल्या माणसाला मागामपाशीं दिवे लावून चालणारी वाहनें भेटतात. मुक्कामीं पोंचल्यावर ओले हातमोजे बुखारीच्या अगदीं जवळ ठेवूं नयेत. कातडें आखडतें आणि दुसऱ्या दिवशीं त्यांत बोटें शिरत नाहींत.