नड ऐकून घेताना

सकाळी ८. जिल्हा रुग्णालयाजवळच्या आमच्या औषधाच्या दुकानाचं शटर वर जातं. पहिली गिऱ्हाइकं म्हणजे रात्रभर पेशंटजवळ बसलेले नातेवाईक. त्यांच्यामागोमाग पैसे मागणारेही येतात. लांजा, राजापूर, संगमेश्वरहून माणसं उपचाराला रत्नागिरीत येतात. आंब्याच्या बागांत नि मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळी गडी राबतात. परक्या गावात खिसा रिकामा होणं इथं खरंच घडतं. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचं आधी ऐकून घ्यायचं.

१०. ओपीडीची गर्दी. कडेवर मूल घेतलेली एक बाई गिऱ्हाइकाला म्हणते, "दादा, पैसे नकोत, बाळाला पावडरीचा डबा घेऊन द्या." यातली एक युक्ती औषधवाल्यांना ठाऊक असते. घेऊन दिलेला डबा परत करून त्याचे पैसे केले जातात. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं. मी बाईला विचारून काउंटरवरच सील फोडतो. "फोडा की, आत्ताच पाजायचंय," म्हणत ती पाण्याची बाटली पुढे करते. बिल देणाऱ्याच्या हाती जातं. गोळ्यांचंही तसंच, दोन दिवसांच्या तेवढ्याच कापून द्यायच्या. खऱ्या गरजवंताचं यात काहीच अडत नाही आणि फसवणाऱ्याला ती वस्तू विकता येत नाही.

दुपारी १. प्लास्टिकमध्ये घातलेला कागद घेऊन एकजण येतो. भावाच्या ऑपरेशनला पैसे कमी पडतायत. मी कागद नीट वाचतो : तारीख, पेशंटचं नाव, वॉर्ड. झेरॉक्स पुसट आणि तारीख जुनी. तरी वाद घालत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या आजारांसाठी कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, योजनेचा आरोग्यमित्र रुग्णालयातच भेटतो. "आमचा मुलगा सोबत येईल, चला." तो म्हणतो, आता वेळ नाही, आहेत तेवढे द्या. भावाचं ऑपरेशन अडलेल्या माणसाला याच कामासाठी वेळ असतो. नुसत्या पैशाची घाई दिसली की मी हात आखडता घेतो.

४. लांज्याची आजी. "बाबू, गाडीला पैसे उणे पडतायत." सून ॲडमिट आहे, आजी डबा घेऊन आली होती. पिशवीत रिकामा डबा आणि सुनेचा केस पेपर. वय पंचाहत्तरीच्या पुढचं. एसटीत २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा लागतो आणि आधार कार्ड घरी राहिलंय. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढे पैसे पुरेत. मुलगा तिला स्टँडवर नेऊन गाडीत बसवतो. आधी चहा-बिस्किट. उपाशी माणसाला प्रश्न विचारू नयेत.

संध्याकाळी ६.३०. रेल्वेगाडीत मोबाइल चोरीला गेलेला तरुण. "तुमच्या क्यूआरवर घरून पैसे मागवतो, मला रोख द्या." ऐकायला सरळ वाटतं, पण आलेले पैसे कुणाच्या फसवणुकीतले निघाले तर दुकानाचंच खातं गोठतं. मी दुकानाचा फोन पुढे करतो. घरच्यांशी बोल, तिकीट त्यांनाच ऑनलाइन काढू दे, चोरीची तक्रार रेल्वे पोलिसांत कर. तो पाठ असलेला आईचा नंबर फिरवतो. तोवर शेजारच्या हॉटेलातून वडापाव येतो.

रात्री ९.१५. हिशेब चालू असताना चुलतभावाच्या फोटोसह मेसेज येतो : "अर्जंट हॉस्पिटलमध्ये आहे, पंधरा हजार पाठव." नंबर नवा. मी त्याच्या जुन्या नंबरावर फोन लावतो. तो घरी जेवत बसलेला. असे पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं, तासागणिक ते परत मिळणं अवघड होतं.

शटर ओढताना मुलगा विचारतो, सकाळची बाई खरी होती का? मला ठाऊक नाही, आणि ठरवायची गरजही पडली नाही. बाळ दूध प्यायलं. अनोळखी माणसाच्या मनात शिरता येत नाही. त्याची नड मात्र विचारता येते आणि तेवढीच भागवता येते. दार मात्र कुणालाही लावू नये, कारण उद्या परक्या गावात आपलाही कुणी अडलेला असेल.