लोकहिताची वकिली
१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीतील अनुच्छेद ३९अ मुळे निर्धनांस मोफत विधिसाहाय्य देण्याची जबाबदारी राज्यावर आली आणि १९८७ च्या कायद्याने त्या जबाबदारीला यंत्रणा दिली, तरी त्या यंत्रणेत मनोभावे राबणारे वकील विधी महाविद्यालयांतच घडवावे लागतात. अनुभवी वकिलाच्या देखरेखीखाली विद्यार्थी कच्च्या कैद्याचे दोषारोपपत्र वाचतो, अटकेची तारीख टिपतो, आणि दुसरा खटला नसलेल्या व पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या इसमाने, जन्मठेप वा मृत्युदंडाचा गुन्हा नसल्यास, कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ अन्वये सुटकेच्या अर्जाचा मसुदा सिद्ध करतो. परंतु सनद हाती येताच घरभाडे व शैक्षणिक कर्ज दत्त म्हणून उभे राहते. म्हणून अशा नवोदित वकिलांस आरंभीच्या वर्षांत नियमित विद्यावृत्ती देणे, हेच खरे साहाय्य होय.